सालींचं सिरप: पाकात उकळायचं की साखरेत मुरवायचं?

सालींचं सिरप या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि लोक एकीच्या जागी दुसरी बिनधास्त वापरतात, मग संत्र्याचं सिरप नुसतंच गोड आणि कडसर लागतं, नाहीतर अननसाचं एक-दोन दिवसांत फसफसायला लागतं. पहिल्या प्रकारात साखर-पाण्याचा पाक करून त्यात साली टाकायच्या. दुसऱ्यात पाणी घालायचंच नाही, साली कोरड्या साखरेत चुरडून ठेवायच्या आणि साखरच त्यातून रस ओढून घेते, बारटेंडर लोक याला ओलिओ सॅकरम म्हणतात. बाटलीत दोन्ही सारखीच पिवळसर दिसतात, पण सालीतून जे बाहेर येतं ते एकच नसतं.

लिंबू, संत्रं, मोसंबी यांचा वास तेलात असतो. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात, साल दुमडली की जो फवारा उडतो आणि डोळ्यात गेला की झोंबतो ना, तेच ते तेल, संत्र्याच्या तेलात तर ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्यच असतं. हे पाण्यात नीट विरघळत नाही आणि वाफेबरोबर उडून जातं. म्हणून संत्र्याच्या साली पाकात खळाखळा उकळल्या की सगळं घर घमघमतं, पण घरात आलेला तो वास म्हणजे भांड्यातून गेलेला वास, आणि आतल्या पांढऱ्या थराचा कडूपणा मात्र पाकात छान उतरतो.

त्यामुळे या सालींना माझं मत सरळ मुरवण्याला. फळं आधी गरम पाण्यात चोळून धुवायची, कारण बाजारातल्या चकचकीत फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो. सोलाण्याने फक्त रंगीत भाग काढायचा, मोसंबीचा पांढरा थर जाड असतो तिथे हात हलका ठेवायचा, नागपुरी संत्र्याची साल हाताने निघते पण मग आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकायचा. चार लिंबांच्या सालींना साधारण अर्धी वाटी साखर, बत्त्याने चांगलं रगडायचं, झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी साखर ओली चिकट झालेली असते, खाली दाट रस सुटलेला असतो, उरलेली साखर त्याच लिंबांच्या रसात विरघळवून गाळून घ्यायचं. निघतं थोडंसंच, पण ग्लासभर सोड्यात दोन चमचे टाकून बघा!

आपल्याकडे हे नवीन नाहीच. कोकणात अमृत कोकम करताना ताज्या रातांब्याच्या साली साखरेच्या थरांत बरणीत भरून ठेवतात आणि पाण्याचा थेंब न घालता लालभडक रस सुटतो, ओढणारी साखरच. फरक एवढाच की तिथे साल रसरशीत असते, त्यामुळे आंबटपणा आणि रंग पाण्याबरोबर येतो, तेलाचा प्रश्नच नाही.

अननस, सफरचंद, आल्याच्या साली यांना पाकच बरा. अननसाच्या सालीवर यीस्ट असतं, साखरेत तशीच ठेवली तर ती आंबते, मेक्सिकोत तर तेपाचे नावाचं पेय मुद्दाम असंच आंबवून करतात, पण सिरप हवं असेल तर ते आपल्याला नकोय. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, धुतलेल्या साली, दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर, मग झाकून गार होऊ द्यायचं आणि गाळायचं. तार येऊ द्यायची नाही, आपल्याला गुलाबजामचा पाक करायचा नाहीये, तार आली की फ्रिजमध्ये साखर खाली बसते. चमचाभर लिंबाचा रस घातला तर ती भीती कमी होते. अननसाचं हे सिरप शिऱ्यात किंवा केक भिजवायला फार सुंदर लागतं, आणि सफरचंदाच्या सालीबरोबर दालचिनीचा तुकडा टाकला तर कोऱ्या चहात साखरेऐवजी चालतं.

घाईत लिंबाचंच सिरप हवं असेल तर मधला मार्ग आहे: पाक करून गॅस बंद करायचा, मग साली टाकून अर्धा तास घट्ट झाकायचं. मुरवलेल्याची सर नाही, पण उकळलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं.

डाळिंबाच्या सालीच्या नादी लागू नका, तुरटपणा साखरेला ऐकत नाही. आंब्याच्या सालीतल्या चिकाने काहींना पुरळ येतं, तेव्हा घरात कुणाला तो त्रास असेल तर तीही नको.

दोन्ही सिरपं स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत आणि फ्रिजमध्येच, दोन आठवड्यांत संपवायची. समसमान साखरेचा पाक बाहेर टिकत नाही, बुडबुडे किंवा बुरशी दिसली की सरळ ओतून द्यायचा. मुरवून उरलेल्या साली मात्र फेकू नका, त्या साखरेने माखलेल्या असतात, सुकवून बारीक चिरल्या की केकमध्ये टूटीफ्रूटीच्या जागी जातात.