रीमास्टर्ड सिंफनी-ध्वनिमुद्रणांचा संग्रह

सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेल्या मोठ्या पाश्चात्त्य कृतीची, गाजलेली जुनी ध्वनिमुद्रणे मूळ टेपवरून किंवा मूळ तबकडीवरून पुन्हा उतरवून, साफसूफ करून नव्याने बाजारात येतात. त्यांना रीमास्टर्ड आवृत्ती म्हणतात. अशा आवृत्त्या जमवणे आणि एकीशेजारी दुसरी ठेवून ऐकणे हा रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा जुना छंद आहे. संग्राहकाच्या फडताळात एकाच वादनाच्या चार-पाच आवृत्त्या सहज सापडतात. वादक तेच, सभागृह तेच, संध्याकाळही तीच; तरी एकीत व्हायोलिनचा आवाज रेशमासारखा येतो आणि दुसरीत तोच कानाला टोचतो. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला पाठभेदांची जी ओढ असते, तीच ही. कोणती टेप वापरली, कोणी उतरवली आणि कोणत्या साली, या तीन प्रश्नांभोवती हा छंद फिरतो.

तबकडीचा काळ

संचालक आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून बीथोव्हनची पाचवी सिंफनी १९१३ मध्ये मुद्रित करून घेतली, तेव्हा मायक्रोफोनने मुद्रण होत नसे. वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत आणि आवाजाच्याच जोरावर मेणात खाच कोरली जाई. १९२५ मध्ये विद्युत-मुद्रण आले आणि वाद्यवृंदाचा खर्ज पहिल्यांदा नीट ऐकू येऊ लागला. पण तबकडीची लांबी तेवढीच राहिली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार ते पाच मिनिटेच मावत. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, येईपर्यंत सिंफनी अशी तुकड्यातुकड्यांनीच विकली गेली. त्यामुळे या काळातले काहीही रीमास्टर करायचे म्हणजे आधी सांधे जुळवणे आले. मधल्या सुराची आस तुटू न देता दोन बाजू जोडणे हे हाताचे कसब आहे.

दुसरी अडचण वेगाची. ७८ हा आकडा नावापुरता. मुद्रणाच्या वेळी तबकडी थोडी हळू किंवा जलद फिरलेली असे. वेग सहा टक्क्यांनी चुकला की काळी एकमधला षड्ज थेट पांढरी दोनवर जातो. आपल्याकडे जुन्या ख्यालगायकांच्या तबकड्या ऐकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सिंफनीत तर स्वराबरोबर लयही चढते, आणि संचालकाने घेतलेली लय खरी कोणती याबद्दलच चुकीचे समज पसरतात. त्यात १९५४ च्या सुमारास समान प्रमाण रूढ होईपर्यंत खर्ज किती दाबायचा आणि वरचे सूर किती उचलायचे याचे प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे होते. ते उलगडल्याशिवाय तबकडी खरा आवाज देत नाही.

एक उदाहरण: व्हिएन्ना, १६ जानेवारी १९३८

या छंदात ज्या ध्वनिमुद्रणाच्या आवृत्त्या आवर्जून ताडून पाहिल्या जातात त्यांत ऑस्ट्रियन संगीतकार माहलरच्या नवव्या सिंफनीचे हे मुद्रण येते. संचालक ब्रूनो वॉल्टर, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, सभागृह मुझिकफेराइन. याच वॉल्टरनी याच वाद्यवृंदाकडून १९१२ मध्ये या कृतीचे पहिले वादन करून घेतले होते. पहिल्या व्हायोलिनवर आर्नोल्ड रोझे होते, माहलरचे मेहुणे. दोन महिन्यांच्या आत नाझी सैन्य व्हिएन्नात शिरले. वॉल्टर आणि रोझे दोघेही ज्यू. दोघांनाही देश सोडावा लागला. रोझे १९४६ मध्ये लंडनला वारले.

मुद्रणाची व्यवस्था एचएमव्हीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी पाहिली. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरवणारे गायसबर्ग हेच. मैफल प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर चालू होती, थांबवता येणार नव्हती. एका यंत्रावरची तबकडी भरत आली की दुसरे सुरू, अशा रीतीने सारी सिंफनी २० बाजूंवर उतरली.

आता या वीस बाजू रीमास्टर करायच्या तर सुरुवात कशापासून करायची? कारखान्यात जपलेला धातूचा साचा मिळाला तर उत्तम. नाहीतर लाखेच्या तबकड्यांमधून कमी झिजलेली प्रत शोधायची, आणि कधी एकेका बाजूसाठी वेगळी प्रत घ्यायची. खरी कसोटी शेवटच्या अडाजिओच्या, म्हणजे संथ लयीच्या भागाच्या, अखेरच्या पानांवर लागते. तिथे तंतुवाद्ये इतकी हळू होत जातात की तबकडीची चरचर संगीतापेक्षा मोठी होते. काही आवृत्त्यांत चरचर जवळजवळ पुसली आहे. तिच्याबरोबर व्हायोलिनवरचा गजाचा स्पर्श गेला, श्रोत्यांचे खोकणे गेले आणि सभागृहातली हवाही गेली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. दुसऱ्या काहींनी चरचर तशीच राहू दिली. प्रस्तुत लेखकाचे मत ठामपणे दुसऱ्या बाजूला आहे. कान दोन मिनिटांत चरचरीला सरावतो. कापून टाकलेला सूर मात्र कशानेच परत आणता येत नाही, आणि त्या संध्याकाळच्या व्हिएन्नाचा आवाज त्या वरच्या सुरांतच शिल्लक आहे.

मार्क ओबर्ट-थॉर्न आणि वॉर्ड मार्स्टन हे तबकड्या उतरवणारे नावाजलेले कारागीर. संग्राहक त्यांची नावे संचालकाच्या नावाइतक्याच आदराने घेतात. अँड्र्यू रोझ यांची रीत वेगळी: जुन्या मुद्रणातील खालच्या आणि वरच्या सुरांचा तोल ते त्याच कृतीच्या आधुनिक मुद्रणाशी ताडून बदलतात, आणि एकमार्गी (मोनो) आवाजाला सभागृहाचा पसाराही देतात. यावरून संग्राहकांत सरळ दोन तट आहेत.

टेपचा काळ

युद्धानंतर चुंबकीय टेप सर्वत्र आली आणि सांध्यांचा प्रश्न मिटला. १९५४ पासून मोठ्या कंपन्या स्टिरिओ मुद्रण करू लागल्या. संचालक फ्रिट्झ राइनर आणि शिकागो सिंफनी वाद्यवृंद यांची आरसीए कंपनीसाठीची पहिली स्टिरिओ मुद्रणे त्या वर्षीची आहेत. मर्क्युरी कंपनीत रॉबर्ट फाइन मोजके मायक्रोफोन वाद्यवृंदासमोर टांगत आणि आवाज तीन मार्गांवर घेत. १९६० नंतर त्यांनी टेपऐवजी ३५ मिलिमीटरची चुंबकीय फिल्मही वापरली. सीडीचे युग आल्यावर याच मुद्रणांची सीडी-आवृत्ती त्यांच्या पत्नी विल्मा कोझार्ट फाइन यांनी स्वतः बसून केली. मूळ मुद्रणाच्या वेळी खोलीत हजर असलेली व्यक्तीच रीमास्टर करते आहे, असा योग फार क्वचित येतो. म्हणून त्या सीडी आजही शोधून घेतल्या जातात.

टेपलाही तिची दुखणी आहेत. टेप गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवली की एका थरावरचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते. मग खरा स्वर येण्याआधी क्षणभर त्याची पुसट सावली ऐकू येते. शांततेतून एकदम उसळणाऱ्या सुरावटीआधी हे फार जाणवते. काही टेपांचा लेप हवेतल्या दमटपणाने चिकट होतो. त्या वाजवण्यापूर्वी मंद आचेवर तासन्‌तास शेकाव्या लागतात.

कधी दोष टेपचा नसून जागेचा असतो. लंडनच्या किंग्जवे हॉलचा नाद अप्रतिम होता, पण त्याच्या खालून भुयारी रेल्वे जाई. तिची घरघर कित्येक मुद्रणांत आहे. चांगल्या रीमास्टरमध्ये खर्ज जितका स्वच्छ, तितकी गाडीही स्पष्ट. ती काढायची तर डबल बासचा तळही जातो. बहुतेक जाणकार गाडी राहू देतात.

१९८० नंतरच्या पहिल्या सीडी घाईने निघाल्या. मूळ टेप सोडून एलपीसाठी केलेली दुय्यम प्रत वापरली जाई, आणि पुढे संगणकी खरखर-निवारण हाताशी आले तेव्हा ते मुक्तहस्ते वापरले गेले. मात्र सरसकट सगळ्या जुन्या सीडी टाकाऊ मानू नयेत. टेप तेव्हा दहा-वीस वर्षांनी तरुण होती, आणि आवाज चढवून सपाट करण्याची पुढची खोडही अजून लागलेली नव्हती.

क्लायबरची सातवी

संचालक कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर डॉइच ग्रामोफोन कंपनीसाठी बीथोव्हनची पाचवी १९७४ मध्ये आणि सातवी १९७५-७६ मध्ये मुद्रित केली. या दोन्ही इतक्या वेळा नव्याने निघाल्या आहेत की आवृत्त्या ताडण्याचा सराव करायला याहून सोयीचे उदाहरण नाही. सातवीच्या दुसऱ्या मूव्हमेंटचा (भागाचा) शेवट घ्या. बहुतेक संचालक अखेरच्या सुरांना व्हायोलिनवर गज फिरवायला सांगतात. क्लायबर, वडील एरिख यांच्याप्रमाणे, तार बोटाने छेडतच ठेवतात. बऱ्या आवृत्तीत त्या छेडीत बोटाचा मांसल स्पर्श आणि लाकडाचा पोकळ ठणका वेगवेगळा कळतो. वाईट आवृत्तीत नुसती टिकटिक उरते.

सातवीच्या या मुद्रणाची २०२३ ची एलपी संग्राहकांत विशेष गाजली. सत्तरच्या दशकात कंपनीने चौमार्गी (चार स्पीकरांतून ऐकायच्या) आवाजाच्या आशेने बऱ्याच सिंफन्या चार मार्गांच्या टेपवर घेतल्या होत्या. तो प्रकार बाजारात रुजला नाही, आणि एलपी निघाल्या त्या दोन मार्गांच्या प्रतीवरून. बर्लिनच्या एमिल बर्लिनर स्टुडिओत रायनर मायलार्ड आणि सिडनी मायर यांनी ती चौमार्गी मूळ टेपच वाजवली, टेप वाजत असतानाच तिचे मिश्रण केले आणि थेट खाच कोरली. मधल्या प्रतीची एक पिढी गळाली, आणि मागच्या बाकांवरची सुषिर वाद्ये पुढच्या तंतुवाद्यांपासून सुटी ऐकू येऊ लागली.

बायरॉइट, १९५१

रीमास्टरचा शोध कधी इतिहासाचाच शोध होतो. २९ जुलै १९५१ रोजी युद्धानंतर जर्मनीतील बायरॉइटचा, वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव पुन्हा सुरू झाला, तो विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांच्या संचालनाखाली बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीने. फुर्टव्हेंग्लर १९५४ मध्ये गेले आणि पुढल्या वर्षी ईएमआयने हे मुद्रण बाजारात आणले. काही आवृत्त्यांत संचालक व्यासपीठावर चालत येतात त्या पावलांचा आवाजही आहे. अर्धशतक सगळ्यांनी हेच त्या संध्याकाळचे वादन मानले. मग ऑर्फिओ कंपनीने बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातील टेप प्रसिद्ध केली, आणि ती जागोजागी वेगळी निघाली. ईएमआयच्या आवृत्तीत तालमीतले तुकडे जोडले असावेत, असा वाद त्यातून उभा राहिला. २०२१ मध्ये बिस कंपनीने स्वीडिश रेडिओने त्या संध्याकाळी केलेले प्रक्षेपण निवेदकांच्या आवाजासह, काहीही न कापता प्रसिद्ध केले. या तिन्ही आवृत्त्या एकत्र ठेवल्याशिवाय त्या संध्याकाळी नेमके काय वाजले याचा विचारच करता येत नाही. संग्रह कशासाठी करायचा, असे विचारणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

फुर्टव्हेंग्लर यांच्या युद्धकाळातील बर्लिनच्या रेडिओ-टेपांची कथाही अशीच. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्या नेल्या, मेलोदिया कंपनीने त्यांच्या एलपी काढल्या, आणि १९८७ मध्ये त्यांच्या प्रती जर्मनीला परत मिळाल्या. पुढे बर्लिन फिलहार्मोनिकने स्वतःच २२ तबकड्यांचा संच काढला.

संग्राहकाची रीत

नवख्याने पहिल्यांदा तारखा वाचायला शिकावे. संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांनी बीथोव्हनच्या नऊ सिंफन्यांचा पूर्ण संच बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर तीनदा केला: १९६१-६२, १९७५-७७ आणि १९८२-८४. त्याआधी लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरचा वेगळाच. वेष्टनावर चेहरा तोच असतो. दुकानात घोटाळा होतो. वर्तुळातल्या ‘पी’ अक्षरापुढचे साल मूळ प्रकाशनाचे, आणि रीमास्टरचे साल बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. जुन्या सीडीवर ‘एडीडी’ अशी तीन अक्षरे दिसतात: मुद्रण अॅनालॉग, मिश्रण आणि अंतिम प्रत डिजिटल. एलपीत लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक कोणती कोरणी वापरली ते सांगतो, आणि डेका किंवा आरसीए या कंपन्यांच्या जुन्या प्रतींची किंमत त्या क्रमांकावर आणि लेबलाच्या छपाईवर ठरते.

डिजिटल प्रतीत आवाज किती बारकाईने मोजला हे सांगणाऱ्या बिट आणि किलोहर्ट्‌झच्या आकड्यांना अवास्तव महत्त्व दिले जाते. सीडी १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्‌झची, नव्या आवृत्त्या २४ बिट, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झच्या, १९९९ मध्ये आलेल्या एसएसीडीची (सुपर ऑडिओ सीडीची) रीत आणखी निराळी. पण झिजलेल्या प्रतीवरून केलेली १९२ ची फाइल मूळ टेपवरून केलेल्या साध्या सीडीपुढे टिकत नाही. जपानमध्ये टॉवर रेकॉर्ड्‌स आणि इसोटेरिक यांनी मूळ टेपांवरून काढलेल्या एसएसीडी मोजक्या संख्येने निघतात, लवकर संपतात आणि मग चढ्या भावाने फिरतात.

एकच जुने मुद्रण अनेक कंपन्यांकडून का निघते, याचे कारण कायद्यात आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो. युरोपात तो ५० वर्षांचा होता, नंतर ७० झाला. पण १९६३ पूर्वी प्रकाशित झालेली मुद्रणे तोवर मोकळी झालेली होती.

मुंबईत

मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढल्या वर्षी जन्मलेले त्यांचे चिरंजीव, पुढे संचालक झालेले झुबिन, वडिलांच्या तालमी आणि घरातल्या तबकड्या ऐकत वाढले, आणि १९५४ मध्ये शिकायला व्हिएन्नाला गेले. १९६५ मध्ये त्यांनी डेकासाठी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर ब्रुकनरची नववी सिंफनी मुद्रित केली, १९७५ मध्ये माहलरची दुसरी. दोन्ही सोफिएनझाल या सभागृहात. ती इमारत २००१ मध्ये आगीत जळाली. तिथला उबदार नाद आता डेकाच्या टेपांवरच आहे, आणि मेहतांच्या या दोन मुद्रणांची प्रत्येक नवी आवृत्ती तो किती राखते हेच संग्राहक प्रथम ऐकतात. मुंबईत अशा आवृत्त्या हाताळून, झाकण उघडून, मागची बारीक अक्षरे वाचून घेण्याची हक्काची जागा काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस होती. ते २०१६ मध्ये बंद झाले. आता बहुतेकांचे ऐकणे स्ट्रीमिंगवर आहे, आणि तिथे नवे रीमास्टर आले की जुने बऱ्याचदा गुपचूप काढले जाते. म्हणून जुनी सीडी मोडीत न घालता कपाटात ठेवणारे लोक मुंबई-पुण्यात आजही आहेत.