पणजीचा पिनकोड आणि दोन वर्ग

एका अंकज्योतिषाचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय: पणजीचा पिनकोड ४०३००१, अंकांची बेरीज ८, म्हणजे शनी, राजधानीत धंदा सुरू करताना जपून! त्या बेरजेवरून कळतं ते एवढंच, की ९ ने भागल्यावर बाकी ८ उरते, म्हणजे ३ नेही भाग जात नाही. शनीला यात कशाला ओढायचं?

संख्येची खरी कुंडली याहून रंगतदार आहे. ४०३००१ ही मूळ संख्या आहे. वास्कोचा ४०३८०२ सम. फोंड्याच्या ४०३४०१ ला ३ ने, मडगावच्या ४०३६०१ ला ११ ने आणि म्हापशाच्या ४०३५०७ ला १३ ने भाग जातो.

पडताळायचं तर वर्गमूळ ६३४ आणि ६३५ च्या मध्ये. तिथवरच्या ११५ मूळ संख्यांनी भागून बघा. बिनचूक, पण कंटाळवाणं. मला दुसरी वाट आवडते.

२५ डिसेंबर १६४०, ऐन नाताळात, फ्रेंच गणिती फर्माने मर्सेन या दुसऱ्या फ्रेंच गणितीला पत्रातून कळवलं: ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, तीही एकाच रीतीने. सिद्धता दिली नाही. ती पुढे गणिती ऑयलरने दिली.

गुणाकाराचं काय होतं, ते ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकातच सांगून ठेवलंय:
(अ²+ब²)(क²+ड²) = (अक−बड)²+(अड+बक)²
उजवीकडच्या वजा-अधिकची अदलाबदल केली तरी उत्तर तेच. म्हणून ५ (१²+२²) गुणिले १३ (२²+३²), म्हणजे ६५, दोन रीतींनी फुटतो: ४²+७² आणि ८²+१². तेव्हा एखादी विषम संख्या (०² सुद्धा धरून) एकाच रीतीने फुटली आणि त्या जोडीत सामाईक अवयव नसला, तर ती मूळच.

आता ४०३००१. वर्गाला ५ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा ४ च उरते. इथे बेरजेची बाकी १, म्हणजे जोडीतल्या एका संख्येला ५ ने भाग जायलाच हवा. मग तिच्या वर्गाला २५ ने भाग जातो, आणि ४०३००१ ची २५ ने बाकी १ असल्याने दुसरी संख्या २५ च्या पटीच्या एक अलीकडे किंवा एक पलीकडे पडते: १, २४, २६, ४९, ५१... ६२६ पर्यंत जेमतेम पन्नासेक उमेदवार. त्यातले ३ च्या पटीतले आधीच बाद: ४०३००१ ची ३ ने बाकी २, म्हणजे दोन्ही वर्गांची बाकी १ च हवी. उरलेल्यांत एकच पास होतो: २९९.

२९९² + ५६०² = ८९४०१ + ३१३६०० = ४०३००१. २९९ म्हणजे १३ × २३; ५६० मध्ये फक्त २, ५ आणि ७. सामाईक काहीच नाही, म्हणून ४०३००१ मूळच.