बाळगुटीतलं अतिविष, बाणावरचा बचनाग

मध्यंतरी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. पूर्व हिमालयातल्या औषधी वनस्पती आणि त्यांचे उपयोग. खाली ठळक अक्षरांत ‘संपूर्ण नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य’. त्यात मधेच कुठेतरी एक ओळ होती : ‘बचनाग – मूळ – ताप, सांधेदुखी’. संपलं. मूळ किती, कच्चं की उकळलेलं, काही नाही. या मुळाचा ग्रॅम-दोन ग्रॅम कच्चा तुकडा माणूस मारायला पुरतो, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर काकांनी हात जोडलेली इमोजी पाठवली आणि विषय दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातीत वाहून गेला.

बचनाग म्हणजे संस्कृतातला वत्सनाभ. वासराच्या नाभीसारखं मूळ, म्हणून हे नाव. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विषांच्या यादीत तो आहे. दार्जिलिंग-सिक्कीमकडे नेपाळी बोलणारे त्याला नुसतं ‘बिख’ म्हणतात. झाड कमरेएवढं किंवा थोडं उंच, निळीजांभळी फुलं, वरची पाकळी साधूच्या टोपीसारखी पुढे ओढलेली. बचनाग ज्यातला, त्या ॲकोनिटम या वनस्पतीकुळात जगभर अडीचशेहून जास्त जाती आहेत आणि हिमालयाचा पूर्वेकडचा भाग, तिथून पुढे नैर्ऋत्य चीनपर्यंत, हे त्यांचं माहेर.

पूर्वेलाच इतकी गर्दी का? सिक्कीमचं क्षेत्रफळ ७,०९६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून लहान. पण तिस्तेच्या खोऱ्यात तीनेकशे मीटरवर उष्ण दमट जंगल आहे आणि वर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा. एका दिवसाच्या जीप-प्रवासात केळी मागे पडतात, मग ओक, मग ऱ्होडोडेंड्रॉन, मग नुसतं गवत आणि दगड. बंगालच्या उपसागराचा पाऊस थेट याच भिंतीवर आदळतो. त्यात आग्नेय आशियातल्या आणि तिबेटकडच्या वनस्पती इथे एकमेकींत मिसळतात. एवढ्याशा जागेत सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेचार हजार जाती सांगितल्या जातात.

आणि औषधांचे जाणकारही तितकेच वेगवेगळे. लेपचा जमातीचे बोंगथिंग, नेपाळी समाजातले झांक्री, भुतिया जमातीचे आमची. आमचींच्या सोवा-रिग्पा या तिबेटी वैद्यक पद्धतीला भारतात २०१० मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. नाकातून रक्त आलं तर तितेपातीचा रस, मुतखड्याला पाखनबेद, तापाला चिराईतो (आपलं काडेचिराईत), अरुणाचलच्या मिश्मी डोंगरांत पोटाला आणि तापाला पिवळ्याधमक मुळाचा मिश्मी तीता. त्याचा पिवळा रंग बर्बेरिन या द्रव्याचा, आपल्या दारुहळदीतलाच. यातल्या प्रत्येकावर लिहिता येईल, पण माझा जीव बचनागावर.

कारण त्याची एक चुलत बहीण बहुतेक मराठी वाचकांनी तान्हेपणी चाटली आहे. बाळगुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांच्यासोबत एक छोटीशी राखाडी कळी असते, ती अतिविष. मोडली तर आत पांढरी पिठूळ, आणि नीट पाहिलं तर चार-सहा पिवळट ठिपके गोलाकार मांडलेले. आजी सहाणेवर तिचे दोन वेढे उगाळायची. हे अतिविषही ॲकोनिटमच! ते पश्चिम हिमालयातलं, बचनाग पूर्वेकडचा. सिक्कीममध्ये अशीच आणखी एक सौम्य बहीण आहे, बिखमा. तिचं कडू मूळ पोटदुखीवर आणि जुलाबावर देतात. म्हणजे एकाच कुळातलं एक मूळ बाळाला, एक पोटाला आणि एक बाणाच्या टोकाला.

हा फरक येतो कुठून? इथे जरा रसायनशास्त्रात शिरावं लागेल.

आपल्या चेतापेशीच्या आवरणात सोडियमच्या वाहिन्या असतात. पेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश आला की वाहिनीची झडप उघडते, सोडियमचे आयन आत घुसतात, आणि मिलिसेकंदभरात आतल्या बाजूने एक झाकण येऊन भोक बुजवतं. मोरीत बोळा बसावा तसं. वाहिनी उघडते त्यापेक्षा ती वेळेवर बुजते हे महत्त्वाचं, कारण ती बुजली तरच पेशी पुढच्या संदेशासाठी तयार होते.

बचनागातलं विष या उघड्या भोकात शिरून बसतं. मग दोन गोष्टी बिघडतात. बोळा नीट बसत नाही, आणि झडप आता अगदी थोड्याशा धक्क्याने, जवळजवळ विश्रांतीच्या व्होल्टेजलाच, उघडायला लागते. सोडियम झिरपत राहतो. चेता आधी कारण नसताना संदेश पाठवते, म्हणून ओठ आणि जीभ झिणझिणतात. मग ती पुन्हा सज्ज होऊच शकत नाही, म्हणून बधिरता. सांधेदुखीवर बचनागाचा लेप का लावत असतील, ते इथे लक्षात येतं. पण हृदयाच्या स्नायूतही अशाच वाहिन्या आहेत. तिथे हा खेळ सुरू झाला की ठोक्यांची लय मोडते आणि माणूस जातो. यावर खास असा उतारा नाही, हृदय सांभाळत विष उतरण्याची वाट पाहायची.

या कुळातल्या ॲकोनिटिन या विषाचे शुद्ध स्वरूपात दोनेक मिलिग्रॅम यासाठी पुरतात. (पूर्वेकडच्या बचनागात मुख्यतः त्याचा जुळा भाऊ, स्यूडॅकोनिटिन.) या रेणूचा सांगाडा म्हणजे कार्बनच्या कड्यांचं एक गाठोडं, आणि त्याला दोन ठिकाणी एस्टर जोड. शाळेत शिकलेलं आठवा : आम्ल अधिक अल्कोहोल, पाणी बाहेर, एस्टर तयार. ॲकोनिटिनच्या आठव्या कार्बनवर ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा जोड आहे, आणि चौदाव्यावर बेंझोइक आम्लाचा. वाहिनीत घट्ट बसायला हे दोन्ही लागतात. पाण्यात बराच वेळ उकळलं की हीच शाळेतली क्रिया उलटी चालते. पाणी आत शिरतं, आम्ल सुटतं. आधी आठव्यावरचा जोड तुटतो आणि विषारीपणा काहीशे पटींनी उतरतो. चौदाव्यावरचाही तुटला की उरतो ॲकोनिन, मूळ विषाच्या हजारांश ताकदीचाही क्वचितच. सांगाडा तोच, फक्त दोन टोकं गेली. अतिविषातल्या ॲटिसिन या द्रव्याला हे दोन जोड मुळातच नाहीत, त्यामुळे आजीला काही उकळावं लागलं नाही.

आयुर्वेदात विष असं उतरवण्याला शोधन म्हणतात. बचनागाचे तुकडे पुरचुंडीत बांधून गाईच्या दुधात काही तास टांगून उकळायचे, किंवा तीन दिवस गोमूत्रात भिजत उन्हात ठेवायचे, रोज नवं घालून. चीनमध्ये त्यांच्या ॲकोनिटमचा काढा करताना ते मूळ बाकीच्या औषधांच्या आधी तास-दोन तास एकटंच उकळत ठेवतात. गोमूत्राचा उल्लेख आला की काही जण भक्तीने डोळे मिटतात आणि काही नाक मुरडतात. दोघांनाही सांगायचं एवढंच, की साठवलेल्या मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, द्रव अल्कलीधर्मी होतो, आणि अल्कलीत एस्टर लवकर तुटतात. शिवाय विष द्रवात उतरतं आणि तो द्रव फेकून दिला जातो. चिनी लोकांचं काम साध्या पाण्यावर भागतं, त्यामुळे गाईचं पावित्र्य या समीकरणात कुठेच येत नाही. पण ज्याने पहिल्यांदा हे जमवलं त्याला pH माहीत नसताना जमलं, याचं मला अजून नवल वाटतं.

बाणाचंही तसंच. अरुणाचलातले आदी आणि मिश्मी बचनागाचा लेप बाणांच्या टोकांना लावत. १९११-१२ मध्ये आदींवर काढलेल्या मोहिमेत इंग्रजांनी या बाणांची धास्ती घेतली होती. पण त्याच बाणाने मारलेली शिकार खायची कशी? जपानच्या उत्तरेकडचे ऐनू लोकही ॲकोनिटमच्याच बाणांनी अस्वलं मारत, आणि जखमेभोवतीचं मांस कापून टाकत. उरलेल्या एवढ्या मोठ्या देहात काही मिलिग्रॅम विष पसरलेलं, त्यात मांस शिजवलेलं. दोन्हींनी मिळून काम होतं. उलट उदाहरण लंडनचं. २००९ मध्ये तिथे एका बाईने आधीच्या प्रियकराच्या फ्रीजमधल्या उरलेल्या रश्शात बचनाग मिसळला. त्याने रस्सा मायक्रोवेव्हमध्ये गरम केला आणि खाल्ला. गरम करणं आणि तासन्‌तास उकळणं यांतला फरक त्याला जिवावर पडला.

म्हणून ‘वनस्पती – भाग – रोग’ अशा तीन रकान्यांच्या याद्या पाहिल्या की मी अस्वस्थ होतो. बिखमा आणि बिख फुलं नसताना वेगळे ओळखणं, कधी खणायचं, किती उकळायचं, हे चौथ्या रकान्यात असायला हवं होतं, आणि खरी विद्या तीच होती. तिबेटी वैद्यकात ‘बोंगा’ म्हणजे ॲकोनिटमच; काळा बोंगा विषारी आणि पांढरा बोंगा त्यावरचा उतारा. विषारी मुळाला ते ‘मेन-चेन’, महाऔषध, म्हणतात. आपल्या रसग्रंथांत वत्सनाभाचं एक नाव ‘अमृत’ आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा एवढंच वाचलं असावं.

घरात त्रिभुवनकीर्तीची डबी असेल तर तिचं लेबल वाचा. सर्दीतापाला आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या या गोळीत शोधलेला बचनाग असतो, आणि म्हणूनच ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती इतक्या बारीक अक्षरांत असते की मला चष्मा काढून डबी डोळ्यांजवळ धरावी लागली.

बचनागाची मुळं जोडीने वाढतात. यंदा फुललेलं थोरलं मूळ हिवाळ्यात सुकून मरतं आणि शेजारचं धाकटं पुढच्या वर्षीचं झाड होतं. चिनी भाषेत त्या धाकट्याचं नाव ‘फू-त्स’, म्हणजे चिकटलेलं पोर. खणणाऱ्याने फुलल्यानंतर थोरलं उचलून धाकटं मातीत ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा निळी टोपी दिसते. वजनावर पैसे मिळत असले की दोन्ही पोत्यात जातात.