आंबील
आंबील : नाचणी किंवा जोंधळ्याचे पीठ आंबवून शिजवलेले व ताक घालून प्यायचे पेय. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या तालुक्यांत डोंगरउतारावरील वरकस (हलक्या) जमिनीत नाचणी पिकते, म्हणून तिकडे आंबील नाचणीची. पूर्वेकडे शिरोळ भागात जोंधळ्याचीही करतात.

नाचणीच्या मूळस्थानाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी काहींनी ती भारतीय मानली. तथापि नाचणीची गुणसूत्रे ३६ आहेत, तर भारतात सर्वत्र आढळणाऱ्या तिच्या रानटी भाईबंद गवताची १८. ३६ गुणसूत्रांचे जवळचे रानटी रूप आफ्रिकेत मिळते. त्यामुळे इथिओपिया ते युगांडा या उंच प्रदेशात ती प्रथम लागवडीखाली आली, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे. ती भारतात केव्हा पोहोचली, हा प्रश्न मात्र तितका सुटलेला नाही. कर्नाटकातील हळ्ळूर येथे उत्खननात मिळालेल्या दाण्यांच्या आधारे तिचे आगमन इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात धरले जाते. पण अशा जुन्या नोंदींतील काही दाणे इतर बारीक तृणधान्यांचे असावेत, असा आक्षेप पुरावनस्पतिशास्त्रज्ञांनी (प्राचीन वनस्पति-अवशेषांच्या अभ्यासकांनी) घेतला आहे. म्हणून तिचे आगमन त्या सहस्रकाच्या उत्तरार्धाहून मागे नेऊ नये, हेच अधिक सयुक्तिक वाटते. ऋग्वेदात पूषन् देवतेला अर्पण होणारा करंभ दह्यात कालवलेल्या सातूच्या पिठाचा म्हणून सांगतात. त्याचा आंबिलीशी थेट संबंध जोडता येत नाही.

पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात कालवून ठेवतात. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसले आणि आंबूस वास सुटला की ते उकळत्या पाण्यात धार धरून सोडतात आणि गाठी होऊ नयेत म्हणून सतत ढवळतात. मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालून शिजवतात आणि निवल्यावर ताक मिसळतात. सोबत कच्चा कांदा असतो. उन्हाळ्यात पीठ लवकर आंबते, पावसाळ्यात वेळ लागतो.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिग्रॅ. कॅल्शियम व ११ ग्रॅम तंतू असतात. मात्र तिच्यातील फायटिक आम्ल कॅल्शियम व लोह बांधून ठेवते. आंबवताना ते काही प्रमाणात विघटित होते आणि ही खनिजे शरीराला अधिक मिळतात. आंबवण्याचे खरे मोल यातच आहे. आंबिलीतील जिवंत जिवाणूंचे श्रेय सरसकट आंबवणीला दिले जाते, ते बरोबर नाही. शिजवताना ते जिवाणू मरतात. पोटात पोहोचतात ते मागाहून घातलेल्या ताकातील. म्हणून ताक आंबील निवल्यावरच घालावे. आयुर्वेदात चरकाने ग्रहणीविकारात (पचनाच्या विकारात) ताकाचा उपयोग सांगितला आहे. मधुमेहींनी आंबील बेतानेच घ्यावी. पीठ शिजून पातळ झाले की त्यातील पिष्ट (स्टार्च) लवकर पचते व रक्तशर्करा वाढवते.

कर्नाटकातील सौंदत्तीच्या रेणुकादेवीची मार्गशीर्षातील यात्रा करून भाविक परतल्यावर कोल्हापुरात जवाहरनगरातील ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. घरोघरून येणाऱ्या नैवेद्यात आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, कांद्याची पात आणि गाजर असते.