टणक टायर आणि खडीची वाट

टायर जितका बारीक आणि हवा जितकी टाईट, तितकी सायकल हलकी पळते, ही समजूत कोल्हापुरात सायकलच्या दुकानापासून पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत पक्की बसलेली आहे. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ती बऱ्याच अंशी खरी असल्यामुळे तिच्यावर शंका घेण्याची वेळ सहसा येत नाही. मात्र शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेली आपली मुले तिथल्या रेल-ट्रेलवर फिरण्यासाठी सायकल घेऊ लागतात आणि घरून हाच सल्ला घेऊन दुकानात जातात, तेव्हा तो सल्ला नेमका उलटा पडतो.

बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ काढून त्याच भरावावर चालण्यासाठी आणि सायकलसाठी जी वाट तयार करतात, ती रेल-ट्रेल. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलंड ही ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज नावाची वाट सुमारे २४० किलोमीटरची आहे, तर मिसुरी राज्यातील केटी ट्रेल सुमारे ३८५ किलोमीटर लांब आहे. या दोन्हींवर मुख्यतः चुनखडीची चुरी दाबून बसवलेली आहे. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल १५२ किलोमीटरची आहे आणि तीही खडीचीच. पोलादी चाकाची पोलादी रुळावरची पकड मुळात कमी असल्याने रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही. भोर घाटातला ३७ मीटरला १ मीटर हा चढसुद्धा इतका अवघड, की तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. त्यामुळे रेल-ट्रेलवरचा चढ सहसा २ टक्क्यांच्या आतबाहेर असतो आणि पन्हाळ्याचा घाट सायकलने चढणाऱ्याला तो जेमतेम जाणवेल.

चढच सौम्य असेल तर सायकलच्या वजनाला फारशी किंमत राहत नाही. २ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना २ किलो जादा वजनासाठी पायांना अवघी १.६ वॅट शक्ती अधिक लावावी लागते. याउलट, स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन असेल आणि टायरचा रोधगुणांक (फिरताना होणारा रोध भागिले टायरवरचा भार) केवळ ०.००५ ने वाढला, तर त्याच वेगाला सुमारे १७ वॅट जादा लागतात, आणि तेही सपाटीवर, चढावर, सगळीकडे. कार्बनच्या हलक्या फ्रेमसाठी लाखभर रुपये जादा मोजायला लावणाऱ्या जाहिराती हा हिशेब मांडत नाहीत.

हा रोध येतो कुठून, हे पाहणे खरे मौजेचे आहे. फिरत्या टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो चपटा होतो आणि पुढच्याच क्षणी पूर्ववत होतो. रबराच्या लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंना ताणण्यासाठी जी ऊर्जा लागते, ती सगळी परत मिळत नाही. रेणूंच्या आपसांतील घर्षणात तिचा काही अंश उष्णता होऊन निसटतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात. हवा टाईट असेल तर टायर कमी चपटा होतो आणि ही गळती घटते. प्रचलित समजुतीचा आधार तो हाच. परंतु खडीवर दुसरी गळती सुरू होते. टणक टायर खड्याभोवती दबत नाही, तो खड्यावर चढतो. त्याबरोबर सायकल आणि स्वार दोघेही किंचित वर फेकले जातात आणि ही ऊर्जा स्वाराच्या स्नायूंत व चरबीत थरथरीच्या रूपाने जिरते. हवेचा दाब वाढवत नेला की पहिली गळती कमी होते आणि दुसरी वाढते, म्हणून दोहोंची बेरीज कुठल्या तरी मधल्या दाबाला सर्वांत कमी असते. वाट जितकी खडबडीत, तितका हा दाब खाली सरकतो.

आता रुंदीचा प्रश्न. मागच्या चाकावर ५० किलो भार आणि टायरमध्ये ३ बार, म्हणजे सुमारे ४४ पीएसआय दाब असेल, तर जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ ढोबळमानाने १६ चौरस सेंटिमीटर भरते. टायर बारीक असो वा रुंद, भार भागिले दाब हा भागाकार तोच राहतो. मात्र टायरच्या कापडी आवरणातला ताण दाब गुणिले टायरची त्रिज्या असा असतो. त्यामुळे ५० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३ बार दाबाला जो ताण असतो, तोच २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६ बारला येतो. म्हणजे रुंद टायर निम्म्या दाबाला तेवढाच तणावलेला राहतो आणि खडा पोटात घ्यायला त्याच्याकडे जागाही दुप्पट असते. बारीक टायरमध्ये हवा कमी केली, तर मात्र खड्यावर आदळताच ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. नव्या सायकलच्या हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा या भोकांशी काडीचा संबंध नाही. दाबमापकाचा मात्र आहे.

म्हणून रेल-ट्रेलसाठी निवड टायरपासून सुरू करावी: ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद, लवचिक आवरणाचा, मध्यभागी जवळपास गुळगुळीत आणि कडेला बारीक खाचांचा. ८५ किलो एकूण वजनाला ट्यूब असलेल्या ४० मिलिमीटर टायरमध्ये ३५ ते ४५ पीएसआय हवा पुरते. मागच्या चाकात थोडी जास्त, पुढच्यात थोडी कमी. हा टायर ज्या फ्रेममध्ये बसतो ती खडीच्या वाटेसाठी बनवलेली ग्रॅव्हल सायकल असो वा रोड आणि माउंटन सायकलच्या मधली साधी हायब्रिड, दोन्ही चालतात, आणि हँडल वाकडे की सरळ हा पाठीच्या सोयीचा प्रश्न आहे. दाबलेल्या चुरीवर पुढच्या शॉकॉबची गरज नसते. शर्यतीची रोड सायकल मात्र टाळावी, कारण तिच्या अनेक फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचा टायरही जात नाही. ब्रेक डिस्कचे असावेत. रिमवर घासणाऱ्या ब्रेकमध्ये ओली चुरी अडकून रिमच झिजते.

हीच सायकल आपल्याकडे मुरमाच्या पाणंदीवर आणि कालव्याकडेच्या वाटेवर उत्तम चालेल, पण पावसाळ्यात काळी माती टायरला थर देत चढते. त्यामुळे इथे घेणाऱ्याने टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना आपली करंगळी सहज जाते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.