ब्रोंटोसॉरस आणि अपॅटोसॉरस: नावाचा घोळ वेगळा, डोक्याचा वेगळा

‘ब्रोंटोसॉरस नावाचा डायनोसॉर कधी नव्हताच, एकाच्या धडाला दुसऱ्याचं डोकं लावून तो बनवला होता,’ हे आपण बऱ्याचदा ऐकतो. मला ते खटकतं, कारण यात दोन निरनिराळ्या चुका एकात कालवल्या जातात आणि एल्मर रिग्ज या जीवाश्म-अभ्यासकाचं चोख काम झाकलं जातं.

आधी नावाचं बघू. येल विद्यापीठातल्या ऑथनिएल मार्शने १८७७ साली कोलोरॅडोत सापडलेल्या एका अवाढव्य सांगाड्याला अपॅटोसॉरस म्हटलं. दोन वर्षांनी वायोमिंगमधल्या कोमो ब्लफहून आणखी मोठा सांगाडा आला, त्याला ब्रोंटोसॉरस. दोघेही साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे, लांब मानेचे, शाकाहारी. मार्शला त्यांच्यात जे फरक दिसले, त्यातला एक मोठा फरक कमरेत होता: एकाचे तीनच मणके जुळलेले, दुसऱ्याचे पाच.

शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या रिग्जने १९०३ मध्ये नेमका हाच मुद्दा तपासला. आपल्याच शरीराकडे पाहा. लहान मुलाच्या कमरेखालचे पाच मणके सुटे असतात आणि वय वाढतं तसे ते जुळून एकच हाड होतं. रिग्जने दाखवलं की मार्शचा अपॅटोसॉरस पुरता वाढलेला नव्हता, म्हणून त्याचे मणके कमी जुळलेले. फरक वयाचा होता, प्राण्याचा नव्हे. मग नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकलं आणि ब्रोंटोसॉरस बाद झालं. या सगळ्यात डोक्याचा कुठेही संबंध आला नाही, हे लक्षात घ्या.

पण १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियमने भला थोरला सांगाडा उभा केला आणि पाटीवर लिहिलं ब्रोंटोसॉरस. लोकांच्या तोंडी तेच बसलं.

आता डोकं. या महाकाय प्राण्यांची कवटी नाजूक, मानेपासून चटकन सुटणारी, म्हणून सांगाड्यासोबत ती क्वचितच सापडते. न्यूयॉर्कच्या सांगाड्याला कॅमरासॉरस या दुसऱ्याच डायनोसॉरच्या धर्तीवर घडवलेलं, आखूड थोबाडाचं डोकं बसवलं गेलं. १९०९ साली अर्ल डग्लसला युटामध्ये कड्यातून डोकावणारे शेपटीचे आठ मणके दिसले. तिथून जवळजवळ पूर्ण अपॅटोसॉरस निघाला, आणि त्याच्याजवळ एक लांबट, चपटी कवटी, डिप्लोडोकस या आणखी एका डायनोसॉरसारखी. पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमचे संचालक विल्यम हॉलंड यांनी १९१५ मध्ये मांडलं की हेच खरं डोकं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियमचे प्रमुख हेन्री ऑसबॉर्न यांना ते मान्य नव्हतं. हॉलंड यांनी आपला सांगाडा बिनडोक्याचाच ठेवला. १९३२ मध्ये ते वारले आणि दोन वर्षांनी त्या सांगाड्यावरही आखूड थोबाडाचंच डोकं चढलं! जॉन मॅकिंटॉश आणि डेव्हिड बर्मन यांनी १९७५ मध्ये जुनी कागदपत्रं आणि हाडं पुन्हा पडताळली, तेव्हा हॉलंड बरोबर ठरले. १९७९ मध्ये पिट्सबर्गला डोकं बदललं गेलं.

म्हणजे डोक्याची चूक ब्रोंटोसॉरसइतकीच अपॅटोसॉरसच्याही वाट्याला आली होती. नाव बाद होण्याचं कारण ती नव्हती.

मग आज दोन प्राणी मानायचे की एक? २०१५ मध्ये इमानुएल चॉप आणि सहकाऱ्यांनी या कुळातल्या सांगाड्यांची ४७७ लक्षणं ताडून पाहिली आणि दोघांना पुन्हा वेगळं केलं. त्यांनी वापरलेली बरीच हाडं १९०३ नंतर सापडलेली, त्यामुळे रिग्जला दोष देता येत नाही. सगळ्या अभ्यासकांनी ही विभागणी स्वीकारलेली नाही, पण मला ती पटते. सहज दिसणारी खूण मानेत आहे. अपॅटोसॉरसची मान जास्त रुंद आणि दणकट, ब्रोंटोसॉरसची त्या मानाने अरुंद आणि उंच. संग्रहालयात कधी गेलात तर सांगाड्यासमोर उभं राहून मानेच्या मणक्यांची रुंदी बघा; डोकं बहुतेक वेळा साच्यातलंच असतं.