अतिवृष्टीची मदत : कशाला मिळते, कशाला नाही

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरीदादा आमच्या सेवा केंद्रात मोबाइलमधला फोटो दाखवायला आले. सोयाबीनच्या रानात गुडघाभर गाळ, त्यातून मोटारीचा फक्त पाइप वर आलेला. त्यांनी विचारलं, "मोटारीचे किती मिळतील?" मोटारीला काही मिळत नाही. गाळाला मिळतं, आणि गाळ त्यांच्या पंचनाम्यात लिहिलेलाच नव्हता. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे पत्रक.

ही मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. आपल्या राज्यासाठी त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25 टक्के. पैसा राज्याच्या हातात असला, तरी कशाला किती द्यायचं हे केंद्राच्या निकषांनी बांधलेलं असतं. त्यामुळे तलाठीभाऊसाहेबांशी वाद घालून रक्कम वाढत नाही. पंचनामा बरोबर लिहून घेतला, तर मात्र हक्काचं सुटत नाही.

2022 ते 2026 साठीच्या निकषांत पीक 33 टक्के किंवा जास्त गेलं असेल तर हेक्टरी कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये आहेत, 2 हेक्टरपर्यंत. ही पुढच्या पेरणीला हातभार म्हणून दिलेली रक्कम आहे, बुडालेल्या पिकाची किंमत नव्हे. पीकविमा याहून वेगळा, त्याची तक्रारही वेगळी करावी लागते. शेतात तीन इंचांवर गाळ साचला असेल तर तो काढायला अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी 18,000, आणि जमीनच खरडून गेली तर 47,000. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500. जनावर पुरण्याआधी कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. पुरल्यानंतर सिद्ध करणं फार अवघड जातं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

ग्रामपंचायतीलाही हीच चौकट. वाहून गेलेला रस्ता किंवा बंद पडलेली नळयोजना चालू करण्यापुरती तातडीची दुरुस्ती यातून होते. नव्या रस्त्यासाठी हा पैसा नाही.

निकषांपलीकडे द्यायचं तर राज्याला स्वतःच्या तिजोरीतून द्यावं लागतं. ऑक्टोबर 2025 मध्ये तसं झालं : रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये वेगळे आणि मर्यादा 3 हेक्टर. शेजाऱ्याच्या खात्यात दोनदा पैसे आले याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. असे निर्णय त्या त्या वर्षापुरते असतात, म्हणून अर्जाआधी ताजा शासन निर्णय आमच्याकडे वाचून घ्या.

जमा झालेल्या मदतीतून बँकेने कर्ज वळतं करून घेऊ नये, असं शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं. कापून घेतलं असेल तर पासबुक भरून आणा, तक्रारीचा अर्ज आम्ही विनामूल्य लिहून देऊ. यादी चावडीवर लागली की नाव, गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. चूक दिसली तर त्याच दिवशी या.